राणीची बाग आणि तिची दोन मंडळे

बाग म्हटली की तिच्याबरोबर एखाद्या राजाचे वा बादशहाचे नाव आपल्या ओठांवर येते. १५२६ साली दिल्ली-आग्रा हाती आल्यावर बाबर बादशहाने आग्र्यात यमुनेच्या काठी बागा लावल्या. पाट, पाण्याचे हौद आणि चौकोनी वाफे यांची हौस त्याने काबूलहून आपल्याबरोबर आणली होती. १७६० च्या सुमारास हैदर अलीने बंगळूर येथे लालबागेचा पाया घातला व त्याचा मुलगा टिपू सुलतान याने ती वाढवली. या बागांचा इतिहास आपण शाळेत वाचतो आणि तो वाचण्यासारखाही आहे. परंतु गेल्या दोनशे वर्षांत बागेचा आणखी एक प्रकार जगात रूढ झाला. त्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही. हा प्रकार म्हणजे मंडळाची बाग. ती कोण्या राजाने लावलेली नसते. चार माणसे एकत्र येतात, वर्गणी काढतात, चिटणीस नेमतात, बी-बियाणे जमवतात आणि त्यातून बाग उभी राहते.

अशाच एका मंडळाने लावलेली बाग आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. ती म्हणजे मुंबईच्या भायखळ्याची राणीची बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. कोकणातून, घाटावरून वा मराठवाड्यातून मुंबईस गेलेला आणि मुलांना घेऊन राणीच्या बागेत न गेलेला गृहस्थ विरळाच. आपण तेथे जातो ते हत्ती, वाघ, माकडे व अलीकडे पेंग्विन पाहण्यासाठी. परंतु ही बाग मुळात प्राण्यांसाठी नव्हतीच, ती झाडांसाठी होती. ती लावली एका मंडळाने, आणि सुमारे दीडशे वर्षांनी तिच्यावर कठीण प्रसंग आला तेव्हा तिच्यासाठी उभे राहिले तेही एक मंडळच. या दोन मंडळांची हकिगत विद्यार्थ्यांनी व पालकांनी जाणून घ्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

मंडळांची सुरुवात

७ मार्च १८०४ रोजी लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरील एका पुस्तकांच्या दुकानात सात माणसे जमली आणि त्यांनी उद्यानविद्येचे एक मंडळ स्थापन केले. हेच मंडळ पुढे रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या नावाने जगभर प्रसिद्ध झाले. बागेच्या मंडळाचा जन्म पुस्तकाच्या दुकानात व्हावा, ही गोष्ट शिक्षणसंस्थेच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. झाडे लावण्याच्या हौसेला वाचनाची, नोंदींची व पत्रव्यवहाराची जोड मिळाली की त्या हौसेतून विद्या तयार होते.

हिंदुस्थानात या विचाराचे बी प्रथम कलकत्त्यास रुजले. श्रीरामपूरचे मिशनरी व भाषापंडित विल्यम केरी यांनी १८२० मध्ये तेथे शेती व बागकामाचे मंडळ काढले. हे केरी म्हणजे मराठीचे व्याकरण व मराठी-इंग्रजी कोश छापणारेच केरी. त्यानंतर दहा वर्षांनी, १८३० मध्ये, मुंबईत ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था निघाली. पश्चिम हिंदुस्थानचे शेती व उद्यान मंडळ, असे तिचे नाव मराठीत सांगता येईल.

अशा मंडळांची कामे ठरलेली असत. परदेशातून बी व रोपे मागवायची, ती आपल्या हवेत जगतात का हे पाहायचे, जगली तर सभासदांना व शेतकऱ्यांना वाटायची, वर्षातून एकदा फुले, फळे व भाजीपाला यांचे प्रदर्शन भरवून बक्षिसे द्यायची, आणि काय रुजले व काय वाळले याची टिपणे ठेवायची. आज गावोगावी भरणारी पुष्पप्रदर्शने व कृषिप्रदर्शने याच परंपरेत बसतात.

शिवडीची पहिली बाग

मुंबईच्या या मंडळाने आपली पहिली बाग १८३५ च्या सुमारास शिवडी येथे लावली. त्या वेळी शिवडी ही शहराबाहेरची, खाडीकाठची शांत जागा होती. आज तेथे ती बाग नाही. आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर असताना १८६५ मध्ये ती जमीन युरोपियन लोकांच्या दफनभूमीसाठी घेण्यात आली. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी म्हणून आपण जी जागा ओळखतो तीच ही.

परंतु शिवडीच्या नावाची एक आठवण महाराष्ट्रातील प्रत्येक गावात दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत लालभडक होऊन उभी राहते. गुलमोहर हे झाड आपल्याला इतके आपले वाटते की ते परके आहे, हे सांगूनही पटत नाही. त्याचे मूळ घर आफ्रिकेच्या पूर्वेस असलेले मादागास्कर बेट. भारतातील गुलमोहराची सर्वांत जुनी नोंद सापडते ती १८४० च्या सुमाराची आणि मुंबईच्या शिवडीची. म्हणजे हे झाड आपल्या देशात येऊन अद्याप दोनशे वर्षेही झालेली नाहीत. एवढ्या अवधीत ते शाळांच्या अंगणात, एस. टी. स्थानकांवर, कब्रस्तानांच्या कडेला आणि देवळांच्या पारांजवळ सर्वत्र पोहोचले. सातारा शहरातील नागरिक १९९९ पासून दरवर्षी १ मे रोजी ‘गुलमोहर दिन’ साजरा करतात, झाडाखाली जमून चित्रे काढतात, कविता वाचतात. एक परके झाड एवढ्या काळात आपल्या गावाच्या सणाचा भाग झाले.

भायखळ्यास स्थलांतर

१८६१ मध्ये माझगाव-भायखळा भागातील माउंट इस्टेट येथील ३३ एकर जमीन नव्या बागेसाठी मुक्रर झाली. शिवडीची झाडे व रोपे तेथे हलवण्यात आली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ही बाग लोकांसाठी खुली झाली. इंग्लंडच्या राणीचे नाव देऊन तिला ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ म्हणण्यात आले. मुंबईकरांनी तिचे सरळ ‘राणीची बाग’ करून टाकले. सरकारी नावे बदलली, हे नाव मात्र टिकून राहिले.

त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे आणली पाहिजे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बँका निघाल्या, शेअरांचा सट्टा माजला. त्या पैशातील काही भाग लोकोपयोगी कामांकडे वळला. बागेच्या शेजारी एक वस्तुसंग्रहालय उभारण्याचे ठरले. बागदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेले यहुदी व्यापारी डेव्हिड सॅसून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा तेथे उभा राहिला. संग्रहालयाच्या कामात नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. जॉर्ज बर्डवुड ही मंडळी पुढे होती.

यांतील दोघे वैद्यकीचे डॉक्टर होते, ही गोष्ट महत्त्वाची. त्या काळी औषधे म्हणजे मुख्यतः वनस्पती. त्यामुळे वनस्पतींची बाग ही डॉक्टरांना करमणुकीची जागा वाटत नसे. ती त्यांची शाळाच होती. डॉ. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील एक. देशी औषधी वनस्पतींचा त्यांचा व्यासंग मोठा होता आणि कुष्ठरोगावर वनस्पतीजन्य औषधाचे त्यांनी प्रयोग केले. डॉ. बर्डवुड हे त्याच कॉलेजात शिकवीत. १८६२ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पतिज द्रव्यांची सूची प्रसिद्ध केली. ज्याला अरबीत लुबान म्हणतात आणि जो अरबस्तान व सोमाली किनाऱ्यावरून हजारो वर्षे जगभर गेला, त्या धुपाच्या झाडांचाही त्यांनी अभ्यास केला. त्यांतील एका जातीला त्यांनी १८७० मध्ये गव्हर्नर फ्रिअर यांचे नाव दिले आणि वनस्पतिशास्त्रात ते आजही चालते.

एक ख्रिस्ती, एक सारस्वत हिंदू, एक दैवज्ञ शेटजी, एक यहुदी व्यापारी अशी माणसे एका कामात एकत्र आली होती. अर्थात या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. असल्या मंडळांचे सभासद म्हणजे साहेब लोक व मोजके श्रीमंत देशी गृहस्थ. ज्यांनी आळी केली, कावडीने पाणी घातले, गुटी बांधली, रोपे शिवडीहून भायखळ्यास जपून आणली, त्या माळ्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. झाडे मात्र त्यांच्याच हातची. म्हणून राणीच्या बागेत गेल्यावर लेडी फ्रिअर यांच्या नावाची छत्री पाहताना त्या अनाम माळ्यांचीही आठवण ठेवावी.

मंडळाकडून पालिकेकडे

१८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. सट्टा फुटला, बँका बुडाल्या, कालचे लक्षाधीश आज देशोधडीस लागले. वस्तुसंग्रहालयाचे काम पैशाअभावी रेंगाळले. ते २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुले झाले. १९७५ मध्ये त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. बागेचा कारभार १८७३ मध्ये मुंबईच्या म्युनिसिपालिटीने आपल्याकडे घेतला. १८९० मध्ये आणखी पंधरा एकर जागा जोडून तेथे प्राणिसंग्रहालय झाले आणि हळूहळू झाडांच्या बागेची ओळख प्राण्यांची बाग अशी झाली.

हा पालट वाईट झाला, असे म्हणता येणार नाही. मंडळाची बाग काही थोड्यांच्या हौसेवर जगते. पालिकेची बाग सर्वांच्या करावर चालते आणि म्हणून ती सर्वांची होते. मदनपुरा, नागपाडा, लालबाग, परळ येथील एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांना रविवारी पाय मोकळे करायला जागा मिळाली, ती यामुळेच. परंतु यात एक गोष्ट हरवली. मंडळ असताना प्रत्येक झाडामागे कोणी तरी जाणता माणूस होता. ते कोठून आले, केव्हा लावले, त्याचा उपयोग काय, हे तो सांगू शकत होता. पुढे झाडे राहिली, पण त्यांना ओळखणारी माणसे कमी होत गेली.

आणि ती झाडे साधीसुधी नव्हेत. तेथे आफ्रिकेतील गोरखचिंच आहे. अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आलेले हे गलेलठ्ठ बुंध्याचे झाड कोकणातील वाचकांनी पाहिले असेलच. तेथे ब्रह्मदेशातील उर्वशी आहे. तिची तांबड्या फुलांची लोंबती झुंबरे पाहायला जाणकार लांबून येतात. दक्षिण अमेरिकेतील कैलासपती आहे. त्याची फुले व तोफेच्या गोळ्यासारखी फळे थेट खोडाला लागतात. आज या बागेत तीन हजारांहून अधिक झाडे व अडीचशेहून अधिक जाती आहेत. मुंबईसारख्या गर्दीच्या शहरात हा खजिनाच म्हणावयाचा.

दुसरे मंडळ

२००७ मध्ये मुंबई महानगरपालिकेने राणीच्या बागेतील प्राणिसंग्रहालय परदेशी धर्तीवर नव्याने बांधण्याची योजना आखली. थायलंडच्या एका सल्लागार संस्थेने आराखडा केला आणि खर्चाचा अंदाज सुमारे ४३३ कोटी रुपयांचा होता. प्राण्यांचे जुने पिंजरे अरुंद होते, सुधारणा हवीच होती, हे कोणीही नाकारले नसते. परंतु एवढ्या बांधकामात जुन्या झाडांचे काय होणार, हा प्रश्न काही नागरिकांना पडला.

ही माणसे कोणी पुढारी नव्हती. झाडांची आवड असलेली, बागेत नित्य फिरणारी माणसे होती आणि त्यांत स्त्रिया पुढे होत्या. त्यांनी ‘राणीबाग वाचवा’ म्हणून समिती स्थापन केली. नुसत्या घोषणा न देता त्यांनी कामाला हात घातला. कोणते झाड कोठे आहे, त्याची जात कोणती, शहरात ते अन्यत्र आढळते का, हे त्यांनी मांडले. नकाशे वाचले, निवेदने दिली, वर्तमानपत्रांतून लिहिले. शाळकरी मुलांना व प्रौढांना बागेत फिरवून झाडांची ओळख करून दिली. शहराच्या वारसा संवर्धन समितीपुढे हा विषय गेला आणि मूळ आराखड्याला तिने मान्यता दिली नाही. योजना आखडती घ्यावी लागली. पुढे प्राण्यांसाठी नवी घरे झाली, २०१६ मध्ये पेंग्विन आले, लोकांची गर्दीही वाढली. पण बाग उखडून तिची नवी जागा करण्याचा मूळ बेत मागे पडला. २०१२ मध्ये बागेला दीडशे वर्षे झाली, तेव्हा याच मंडळींनी तिच्या झाडांवर व इतिहासावर एक देखणे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले.

विचार करा, पालक मित्रहो. त्यांच्यापाशी सत्ता नव्हती, पैसा नव्हता. त्यांच्यापाशी एक यादी होती. ‘तेथे पुष्कळ झाडे आहेत’ असे कोणी म्हटले असते तर ‘दुसरीकडे लावू’ असे उत्तर मिळाले असते. परंतु ‘हे अमुक झाड आहे, ते इतके जुने आहे आणि या शहरात ते फार थोड्या ठिकाणी आहे’ असे कोणी म्हणते तेव्हा उत्तर देणाऱ्याला थांबावे लागते. ज्या झाडाचे नाव कोणालाच ठाऊक नाही, त्याच्यासाठी कोणीच बोलत नाही.

पहिल्या मंडळाचा वारसाही संपलेला नाही. १८३० सालच्या त्या संस्थेचे नाव आज पुण्यात चालू आहे. तेथील सुमारे ३९ एकरांची एम्प्रेस गार्डन हीच संस्था सांभाळते. दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तेथे पुष्पप्रदर्शन भरते आणि ते पाहायला सारे पुणे लोटते.

आपण काय करावे?

इतिहास वाचून मिटून ठेवायचा नसतो. आपल्या संस्थांच्या आवारात झाडे आहेत. काही आपल्या वडीलधाऱ्यांनी लावलेली, काही पाखरांनी आणलेली. इमारत वाढवायची वेळ आली, वाहनांसाठी जागा हवी झाली, अंगणात फरशी घालायची ठरली, की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. शिक्षणाच्या सोयीसाठी इमारती हव्यातच. पण कोणते झाड जाऊ शकते आणि कोणते जाता कामा नये, हे ठरवण्यासाठी आधी ते झाड ओळखता आले पाहिजे.

नागरी भागातील झाडांच्या रक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाकडून परवानगी घेतल्यावाचून झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण मिळाले. कायदा चांगला आहे. परंतु झाड पन्नास वर्षांचे आहे हे सांगणार कोण? ज्याने लावताना नोंद केली तोच.

म्हणून प्रत्येक शाळेत आठवी-नववीच्या मुलामुलींचे एक लहानसे बाग मंडळ असावे. त्याला मोठ्या खर्चाची गरज नाही. एक वही पुरे. पहिल्या पानावर आवाराचा नकाशा, त्यात प्रत्येक झाडाला क्रमांक. पुढच्या पानांवर त्याचे मराठी नाव, घरी बोलतात ते नाव, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर, फुलण्याचा महिना आणि कोणी लावले याची माहिती. शेवटच्या गोष्टीसाठी मुलांनी आजी-आजोबांना, निवृत्त गुरुजींना व शाळेच्या शिपाईमामांना विचारावे. त्या निमित्ताने शाळेचा इतिहासही लिहून होईल. पावसाळ्यापूर्वी घरोघरी भेंडी, दोडका, घेवडा, झेंडू यांचे बी वाळवून आणावे व आपापसांत बदलून घ्यावे. हिवाळ्यात एखाद्या शनिवारी कुंड्यांचे व परसातील भाजीचे लहानसे प्रदर्शन भरवावे आणि त्यात पहिले बक्षीस शाळेच्या माळ्याच्या हस्ते द्यावे. १८३० सालच्या मंडळाकडून जे राहून गेले, ते आपण एवढ्यावर भरून काढू शकतो.

आपल्या भाषेत ‘कलम’ हा शब्द अरबी-फारसीतून आला आहे. त्याचा एक अर्थ लेखणी आणि दुसरा अर्थ झाडाचे कलम. रत्नागिरीचा आंबेवाला एका अर्थाने हा शब्द वापरतो, कचेरीतला कारकून दुसऱ्या. राणीची बाग टिकली ती या दोन्ही कलमांमुळे. एका मंडळाने झाडांची कलमे लावली, दुसऱ्याने लेखणीने त्यांची नोंद ठेवली. विद्यार्थी मित्रहो, पहिले काम आपल्या थोरांनी आपल्या आवारात करून ठेवले आहे. दुसरे काम तुमच्यासाठी शिल्लक आहे, आणि नवे वर्ष सुरू होताच त्याचा आरंभ करावा, अशी विनंती आहे.